श्वानजाती आणि दैनंदिन व्यायामाची गरज : मराठवाड्याच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

पाळीव कुत्र्याला रोज किती व्यायाम द्यावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा जातीचे नाव आणि मिनिटांची संख्या अशा जोडीने दिले जाते. ही संख्या बहुतांशी शीत कटिबंधातील देशांत ठरलेली असते. प्रस्तुत लेखात श्वानजातींच्या व्यायामगरजेचा विचार तीन अंगांनी केला आहे : जातीचे मूळ काम, तिची शरीररचना आणि ती जेथे पाळली जाते तेथील हवामान. मराठवाडा व लगतच्या सीमाभागातील कारवानी अर्थात मुधोळ जातीचे उदाहरण मध्यवर्ती ठेवून ग्रेहाउंड, जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, हस्की, पग व गावठी कुत्रा यांच्याशी त्याची तुलना केली आहे. व्यायामाची गरज जातीच्या कामावरून ओळखावी, पण तिची वेळ व मर्यादा स्थानिक हवामान आणि प्रत्यक्ष प्राण्याची प्रकृती यांवरून ठरवावी, असा निष्कर्ष लेखात मांडला आहे.

बीजसंज्ञा : श्वानजाती, व्यायाम, कारवानी, मुधोळ, उष्माघात, प्राणिकल्याण, मराठवाडा.

प्रस्तावना

मानवाने माणसाळवलेल्या प्राण्यांत कुत्रा हा सर्वांत जुना होय. महाराष्ट्राच्या लोकजीवनात तो खंडोबाचा सोबती आहे, दत्तात्रेयांच्या पायाशी आहे, धनगराच्या वाड्यावर आहे आणि शेतकऱ्याच्या आखाड्यावरही आहे. या सर्व ठिकाणी कुत्रा कामाचा म्हणून होता. त्याला फिरवायला नेणे ही कल्पनाच तेथे नव्हती, कारण काम हाच त्याचा व्यायाम होता. गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याला आपणच गाडा ओढतो असे वाटते, अशी आपली एक म्हण आहे. म्हणीतला उपरोध बाजूला ठेवला, तर त्यात एक अचूक निरीक्षण दडलेले दिसते. तो कुत्रा बैलांच्या चालीने, गाड्याच्या सावलीत, कोसच्या कोस चालत असे. चाल संथ, सावली डोक्यावर आणि वाटेत बैलांबरोबर पाण्याचा थांबा. आजच्या पशुवैद्यकाने उन्हाळ्यासाठी जो व्यायाम सुचवला असता, तो हाच होय.

गेल्या दोन-तीन दशकांत चित्र पालटले. केज, अंबाजोगाई, कळंब यांसारख्या तालुक्याच्या गावांतही नोकरदार वर्गाच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पाटी आली. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, पग आणि अलीकडे हस्कीसुद्धा या भागात दिसू लागले. कुत्रा कामावरून निवृत्त होऊन अंगणातील साखळीला आला. शरीर मात्र निवृत्त झाले नाही. या विसंगतीतून उद्भवणारे प्रश्न पाळणाऱ्याचे असतात, तसेच शेजाऱ्यांचे, रस्त्याने जाणाऱ्या मुलांचे आणि त्या मुक्या जिवाचेही असतात. म्हणून या विषयाचा अभ्यासपूर्वक विचार होणे अगत्याचे आहे.

उद्दिष्टे

१) व्यायामगरज ठरविणाऱ्या घटकांचा परामर्श घेणे.
२) मराठवाड्यातील कारवानी जातीच्या संदर्भात या गरजेचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) परदेशी मार्गदर्शक संख्यांची स्थानिक हवामानातील उपयुक्तता तपासणे.
४) पालकांसाठी व्यवहार्य सूचना करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पशुवैद्यकीय संशोधन, श्वानसंघटनांचे मार्गदर्शन आणि कायद्यातील तरतुदी या द्वितीयक साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन

१. आकार हा निकष का अपुरा आहे?

मोठ्या कुत्र्याला मोठा व्यायाम व लहान कुत्र्याला लहान व्यायाम, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. शरीरक्रियाशास्त्र त्याला पूर्णतः दुजोरा देत नाही. विश्रांत अवस्थेतील प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नसून वजनाच्या ०.७५ घाताच्या प्रमाणात वाढते. पशुवैद्यक हा घातांक वापरून येणाऱ्या संख्येस ७० ने गुणतात व त्यावरून दैनंदिन किमान किलोकॅलरी काढतात. या सूत्राने ५ किलो वजनाच्या कुत्र्यास सुमारे २३४, तर २५ किलोच्या कुत्र्यास सुमारे ७८३ किलोकॅलरी लागतात. वजन पाचपट असूनही गरज साडेतीनपटीपेक्षा कमीच भरते. याचा अर्थ लहान कुत्र्याचे शरीर दर किलोमागे अधिक वेगाने जळत असते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. समान वजनाच्या दोन कुत्र्यांची गरजही समान नसते. सेंट बर्नार्ड हा अवाढव्य कुत्रा मध्यम चालीवर समाधानी राहतो. त्याच्या चौथाई वजनाचा बॉर्डर कॉली दिवसभर मेंढरांमागे धावूनही थकत नाही. हा भेद आकाराचा नसून मानवाने त्या जातीकडून शतकानुशतके कोणते काम करून घेतले, याचा आहे.

२. जातीचे मूळ काम : व्यायामगरजेची गुरुकिल्ली

कोणत्याही जातीची व्यायामगरज समजून घ्यावयाची असल्यास प्रथम एकच प्रश्न विचारावा : हा कुत्रा मुळात कशासाठी घडवला गेला? या दृष्टीने काही प्रमुख जातींचा विचार करू.

जर्मन शेफर्ड ही जात १८९९ पासून माक्स फॉन स्टेफानिट्झ यांच्या पुढाकाराने निश्चित झाली. पिकांच्या मधल्या पट्ट्यांत मेंढरे चरत असताना कळपाच्या कडेने सतत दुडक्या चालीने फिरत राहणे व चालते-बोलते कुंपण बनणे, हे तिचे काम होते. साहजिकच या कुत्र्याला वेगापेक्षा दीर्घकाळ चालत राहण्याची आणि त्याचबरोबर डोके चालविण्याची गरज असते. केवळ चालवला आणि विचार करावयास काही दिले नाही, तर तो अस्वस्थच राहतो.

लॅब्राडोरचे मूळ न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांत आहे. पाण्यात उतरून वस्तू तोंडात धरून आणणे हे त्याचे काम. म्हणून चेंडू आणून देण्याचा खेळ व पोहणे यांत तो जितका रमतो, तितका सरळ रस्त्यावरील चालण्यात रमत नाही.

सायबेरियन हस्की हा बर्फावरून घसरगाडी ओढणारा कुत्रा. अलास्कातील इडिटारोड शर्यत सुमारे १,६०० किलोमीटरची असून आघाडीच्या तुकड्या ती नऊ-दहा दिवसांत पार करतात. अशा शर्यतीतील कुत्र्यास दिवसाला दहा हजार किलोकॅलरींच्या आसपास आहार लागतो. एवढ्या दमसासाचा प्राणी केजच्या वसाहतीतील वीस फुटी अंगणात ठेवला, तर तो दार खरडणे, कुंपण उकरणे आणि रात्रभर विव्हळणे यांतच आपली शक्ती खर्च करणार, हे उघड आहे.

पग हा याच्या अगदी उलट टोकाचा. चिनी राजदरबारात मांडीवर बसण्यासाठी जोपासलेला हा कुत्रा सोबतीसाठीच घडला. २००३ मध्ये हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे सर्वत्र जाणारा पग दिसला आणि भारतभर या जातीची मागणी वाढली. जाहिरातीतील तो पग मुलामागे मैलोगणती चालतो असे भासते. प्रत्यक्षात आखूड नाकामुळे त्याची श्वसनक्षमता अत्यंत मर्यादित असते.

ग्रेहाउंडचे उदाहरण सर्वांत बोधक आहे. ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारा हा कुत्रा जगातील सर्वांत वेगवान श्वान मानला जातो. त्यामुळे त्याला सर्वाधिक व्यायाम लागत असेल, असा तर्क कोणीही करील. परंतु त्याची घडण अर्ध्या-एक मिनिटाच्या स्फोटक धावेसाठी आहे. मोठे हृदय, तांबड्या पेशींचे अधिक प्रमाण आणि मांड्यांचे भरगच्च स्नायू हे सर्व त्या अल्प काळासाठी आहे. धाव संपली की तो उरलेला दिवस स्वस्थ झोपून काढतो. वेग आणि दमसास या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात यावे.

३. कारवानी : आपल्या मातीतील उदाहरण

वेग व दमसास यांचा एकत्र विचार करावयास भाग पाडणारी जात आपल्याच प्रदेशात आहे. लातूर जिल्ह्यासह मराठवाड्याच्या दक्षिण भागात, तसेच सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमेवर लांबट तोंडाचा, खोल छातीचा, आत ओढलेल्या पोटाचा व चाबकासारख्या शेपटीचा जो शिकारी कुत्रा आढळतो, त्यास लोक ‘कारवानी’ म्हणतात. कान व शेपटीवर रेशमी केस असलेल्या प्रकारास ‘पश्मी’ असे नाव आहे. पश्चिम व मध्य आशियातून आलेल्या व्यापारी कारवाँबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज दख्खनेत आले असावेत, असे मानले जाते व नावाची व्युत्पत्तीही तीच सांगितली जाते.

या जातीच्या इतिहासात मुधोळ संस्थानाचे स्थान महत्त्वाचे आहे. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळ येथे घोरपडे या मराठा घराण्याचे राज्य होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांचे संवर्धन केले व ब्रिटनचे सम्राट पाचवे जॉर्ज यांना ते भेट दिले, असे सांगितले जाते. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून करतो. भारतीय टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये चार देशी श्वानजातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले मीरत येथील लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आली. ३० ऑगस्ट २०२० रोजीच्या ‘मन की बात’ मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींचा उल्लेख केल्यानंतर शहरी पालकांतही या कुत्र्याविषयी कुतूहल वाढले.

व्यायामाच्या दृष्टीने या जातीचे वैशिष्ट्य तिच्या मूळ कामात आहे. कारवानी हा नजरेने शिकार टिपणारा कुत्रा आहे. मात्र इंग्रजांचा ग्रेहाउंड ज्या हिरव्या कुरणांत घडला, त्यापेक्षा दख्खनचे माळरान सर्वस्वी निराळे आहे. येथे जमीन खडकाळ, झुडपे काटेरी, पाणी दूर आणि सावज विरळ. एका सशाचा माग निघेपर्यंत शिकाऱ्याबरोबर मैलोगणती चालावे लागे. त्यानंतर अकस्मात भरधाव धाव आणि पुन्हा लांब चाल. अशा प्रकारे संथ व दीर्घ चाल आणि मध्येच तीव्र व अल्प धाव, हे त्याच्या व्यायामाचे नैसर्गिक स्वरूप होय. साधारण २५ किलोच्या आसपास वजन, आखूड केस व सडपातळ बांधा यांमुळे शरीरातील उष्णता बाहेर टाकणे त्याला जड कुत्र्यांपेक्षा सोपे जाते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू झाल्यानंतर शिकार हा गुन्हा ठरला व तो योग्यच आहे. ससा, हरीण, काळवीट यांच्या रक्षणासाठी याची गरज होती. पण त्याचबरोबर कारवानीचे काम संपले. काही ठिकाणी त्याला राखणीचे काम मिळाले, म्हणजेच बहुधा साखळी मिळाली. ज्या पालकाला या जातीचा इतिहास ठाऊक नाही, तो दोन-तीन महिन्यांत तक्रार करू लागतो : कुत्रा भित्रा आहे, हाक मारल्यास येत नाही, सुटला की शेळ्या-कोंबड्यांमागे लागतो. ही लक्षणे जातीच्या दोषाची नसून कोंडमाऱ्याची आहेत. नजरेसमोरून पळणाऱ्या वस्तूमागे धावणे ही त्याच्या रक्तातील आज्ञा आहे. ती मारून टाकता येत नाही, तिला वाट करून द्यावी लागते. कुंपण असलेले शेत किंवा मोकळे पण बंदिस्त मैदान येथे आठवड्यातून काही वेळा मोकळी धाव आणि रोज सकाळ-संध्याकाळ पट्ट्याने लांब चाल, ही त्याची वाजवी गरज होय. उघड्या रस्त्यावर मात्र त्याला मोकळे सोडणे धोक्याचे आहे. तो वाहन पाहत नाही, सावज पाहतो.

४. मिनिटांचे कोष्टक आणि मराठवाड्याचा उन्हाळा

ब्रिटनच्या केनेल क्लबने जातीनिहाय दैनंदिन व्यायामाचे वर्ग केले आहेत. त्यानुसार लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बॉर्डर कॉली, हस्की यांना दोन तासांहून अधिक, ग्रेहाउंड व पग यांना एका तासापर्यंत, तर चिवावासारख्या जातींना अर्ध्या तासापर्यंत व्यायाम सुचविला आहे. ही वर्गवारी मूळ कामाशी सुसंगत आहे आणि जातींच्या परस्पर तुलनेसाठी उपयुक्तही आहे. परंतु ती जशीच्या तशी उचलणे आपल्याकडे घातक ठरू शकते. लंडनचे जुलै महिन्यातील सरासरी कमाल तापमान २५ अंशांच्याही खाली असते. केज परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो.

कुत्र्याचे शरीर माणसासारखे घामाने थंड होत नाही. घामग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या गादीत असतात व त्यांचा उपयोग नगण्य असतो. जीभ, नाक व घसा यांतील ओलावा धापेने बाष्पीभूत करणे, हाच त्याचा मुख्य उपाय. निरोगी कुत्र्याचे शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांपलीकडे गेल्यास मेंदू, मूत्रपिंड व रक्तगोठण प्रक्रियेवर गंभीर परिणाम होतो. धावणारा स्नायू स्वतः उष्णता निर्माण करतो, बाहेरील हवा ती घेत नाही आणि धाप अपुरी पडते. अशी तिहेरी कोंडी उन्हाळ्यातील व्यायामात होते.

उष्माघात म्हणजे बंद मोटारीत राहिलेला कुत्रा, असे चित्र सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर येते. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून वेगळेच वास्तव पुढे आले. कारण निश्चित सांगता आलेल्या उष्माघाताच्या नोंदींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यायामामुळे उद्भवल्या होत्या आणि मोटारीत अडकल्यामुळे झालेल्या नोंदी सुमारे पाच टक्केच होत्या. याच संशोधकांनी २०१६ या एका वर्षातील नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातील नोंदी अभ्यासल्या. त्यात उष्माघात झालेल्यांपैकी जवळपास दर सातांपैकी एक कुत्रा दगावल्याचे आणि आखूड नाकाच्या जातींना मध्यम नाकाच्या जातींच्या तुलनेत सुमारे दुप्पट धोका असल्याचे आढळले. हे ब्रिटनसारख्या थंड देशातील चित्र आहे, ही बाब विशेष लक्षात घ्यावी.

म्हणून आपल्याकडे ‘किती वेळ’ या प्रश्नाआधी ‘केव्हा’ हा प्रश्न येतो. या बाबतीत गावठी कुत्रा हा उत्तम शिक्षक आहे. भारतातील मोकाट कुत्र्यांच्या दिनचर्येवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते दिवसाचा मोठा भाग निष्क्रिय राहतात असे दिसून आले. आपण रोज पाहतोच की वैशाखातल्या दुपारी तो ओट्याखाली, रांजणाच्या ओलीत किंवा नालीच्या काठी पसरलेला असतो आणि दिवेलागणीनंतर सबंध गल्ली पालथी घालतो. कोणत्याही कोष्टकाशिवाय त्याने व्यायामाची वेळ निश्चित केलेली आहे. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला ही निवड नसते. ती पालकाने त्याच्या वतीने करावयाची असते.

५. जातीच्या पलीकडे : वय, वजन आणि व्यक्ती

जात हा महत्त्वाचा निर्देशक असला तरी तो एकमेव नव्हे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांनी दिलेली माहिती व त्यांपैकी काहींची जनुकीय माहिती तपासण्यात आली. त्यात एकेका कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास फरक जातीने स्पष्ट होतो, असे दिसले. म्हणजेच आळशी जर्मन शेफर्ड आणि उत्साही पग असू शकतात. जातीने आरंभबिंदू मिळतो, अंतिम उत्तर मात्र समोरच्या प्राण्याकडूनच घ्यावे लागते.

वयाचा विचारही तितकाच आवश्यक आहे. मोठ्या जातींच्या पिल्लांच्या हाडांची वाढ होणारी टोके पूर्ण पक्व होण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते. नॉर्वेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याच्या विकाराचा धोका अधिक, तर मऊ व उंचसखल जमिनीवर मोकळे खेळणाऱ्या पिल्लांत तो कमी आढळला. नांगरटीच्या रानात बागडणारे पिल्लू गच्चीवर ने-आण होणाऱ्या पिल्लापेक्षा सुदैवी म्हणावे लागेल.

वजनाच्या बाबतीत एक गैरसमज दूर व्हावयास हवा. ‘खाऊ दे, फिरवून जिरवू’ हे धोरण टिकत नाही. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण १०० किलोकॅलरी असतात. ८ किलोच्या पगची विश्रांत अवस्थेतील गरजच सुमारे ३३३ किलोकॅलरी आहे. घरातील प्रत्येकाने मायेने अर्धी-अर्धी पोळी घातली तरी चौघांच्या हातून तिच्या तीन-पंचमांश भाग त्याच्या नियमित आहारावर वर पडतो. एवढे जिरवण्याइतका व्यायाम त्याच्या नाकाला झेपणारा नसतो. लॅब्राडोरच्या बाबतीत तर २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी भूक न शमण्याशी निगडित असा एक जनुकीय बदल सुमारे चौथाई कुत्र्यांत असल्याचे दाखवले. तो सतत मागतो म्हणून तो उपाशी आहे, असे समजू नये. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८ लॅब्राडोरांच्या आयुष्यभराच्या अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी आहार घेणाऱ्या कुत्र्यांचे मध्यम आयुष्य जवळपास दोन वर्षांनी अधिक भरले. व्यायाम आहाराला पूरक असतो, पर्याय नसतो.

व्यायाम केवळ पायांचा नसतो, हाही मुद्दा येथे नोंदवावा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात दोन आठवडे वासाने शोधण्याचा खेळ खेळलेल्या कुत्र्यांत, केवळ पायाशी पाय लावून चालण्याचा सराव केलेल्या कुत्र्यांपेक्षा, अनिश्चित परिस्थितीकडे अधिक आशेने पाहण्याची वृत्ती दिसली. रस्त्याने जाताना कुत्रा प्रत्येक खांबापाशी थांबून हुंगतो, तेव्हा आपण पट्टा ओढतो. वास्तविक ते हुंगणे हाच त्याच्या फेरफटक्याचा गाभा असतो.

६. कायदेशीर बाजू

कुत्र्याला व्यायाम देणे ही केवळ दयेची बाब नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय अधिनियम याबाबत स्पष्ट आहे. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरतेच्या कृत्यांची यादी आहे. प्राण्यास अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे ही त्यांपैकी एक बाब. त्याच्या पुढचाच खंड खास कुत्र्यासाठी आहे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम देण्याची अथवा देवविण्याची हयगय करणारा मालक या कलमाखाली दोषी ठरतो. या कलमाखाली पहिल्या अपराधासाठी असलेला दंड दहा ते पन्नास रुपये इतका नाममात्र होता. त्यामुळे या तरतुदीचा धाक निर्माण झाला नाही आणि ती बहुसंख्य पालकांना ठाऊकही नाही. तथापि व्यायाम ही मालकाची मर्जी नसून प्राण्याचा हक्क आहे, हे तत्त्व आपल्या संसदेने साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी स्वीकारले, ही बाब अभिमानाची आहे. ‘वाजवी’ हा शब्द कायद्याने मोकळा ठेवला. त्याला अर्थ देण्याचे काम जातीचे, हवामानाचे व प्रकृतीचे ज्ञानच करू शकते.

निष्कर्ष

१) व्यायामाची गरज कुत्र्याच्या आकारावरून नव्हे, तर प्रामुख्याने जातीच्या मूळ कामावरून समजते. वेगवान ग्रेहाउंडला कमी आणि दुडक्या चालीच्या जर्मन शेफर्डला अधिक वेळ लागतो, याचे कारण हेच.
२) कारवानी जातीला लांब चाल व अधूनमधून मोकळी धाव असा दुहेरी व्यायाम आवश्यक आहे. साखळीला बांधून तिचे गुण दोष म्हणून पाहिले जातात.
३) परदेशी वेळापत्रके तुलनेसाठी ग्राह्य असली तरी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती तशीच पाळल्यास व्यायामच प्राणघातक ठरू शकतो.
४) जात, वय, वजन व स्वभाव यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय कोणतीही संख्या अंतिम मानता येत नाही.

सूचना

१) मार्च ते जून या काळात फेरफटका सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर रस्ता निवल्यावरच असावा. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. ती टेकवत नसल्यास पंजेही टेकवू नयेत.
२) प्रौढ व निरोगी लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड यांचा व्यायाम दोन-तीन फेऱ्यांत विभागावा. कडक उन्हाळ्यात चालण्याचा वेळ कमी करून घरात वास शोधण्याचे व आज्ञापालनाचे खेळ वाढवावेत.
३) पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यास संथ व छोट्या फेऱ्या द्याव्यात. मानेभोवतीच्या पट्ट्याऐवजी छातीवरचा पट्टा वापरावा. धाप घरघरू लागली, हिरड्या गडद झाल्या किंवा पाय लटपटले, तर तत्काळ सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा व पशुवैद्यकाकडे न्यावे.
४) हस्कीसारख्या हिमप्रदेशातील जाती या भागात पाळणे टाळावे. त्यांची गरज आणि आपले हवामान यांचा मेळ घालणे सामान्य घरास शक्य नाही.
५) खोल छातीच्या जातींना पोटभर आहारानंतर लगेच धाववू नये.
६) रस्त्यावर मोकाट कुत्र्यांशी संबंध येणे अटळ असल्याने रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी.
७) कुत्रा पाळू इच्छिणाऱ्याने जातीचे रूप पाहण्यापूर्वी तिचे काम विचारावे आणि आपण रोज दिवसातून दोनदा किती वेळ देऊ शकतो, हे प्रामाणिकपणे ठरवावे. ज्यांच्याकडे वेळ मर्यादित आहे, त्यांनी या हवामानात रुळलेले गावठी पिल्लू घरी आणणे हा सुज्ञ पर्याय होय.
८) महाविद्यालयीन स्तरावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून पशुवैद्यकांच्या साहाय्याने लसीकरणाबरोबरच कुत्र्याच्या व्यायामाविषयी व १९६० च्या अधिनियमातील तरतुदीविषयी प्रबोधन करता येईल.

धनगराच्या वाड्यावरील कुत्र्याला दिवसभर कळपाबरोबर चालावे लागते आणि रात्री लांडग्याच्या भयाने जागावे लागते. त्याचे जीवन कष्टाचे आहे, पण ते त्याच्या शरीराला साजेसे आहे. वसाहतीतील कुत्र्याला भाकरी, दूध, औषध सर्व मिळते, मात्र चार पायांचे प्रयोजन मिळत नाही. ते प्रयोजन दिवसातून दोन वेळा, योग्य प्रहरी व झेपेल तेवढे त्याला परत देणे, हेच पालकाचे कर्तव्य होय.